स्टँडबाय

वायनो पेर्टुला गेल्याची बातमी
चॅनल नऊनं सहा वाजता दिली, हवामानाच्या आधी.
निवेदकानं नाव चुकीचं उच्चारलं.
सर असते तर त्या पोराला बाजूला घेऊन म्हणाले असते,
बाबा रे, नाव म्हणजे माणसाचं दार.
आत जाण्याआधी पाय पुसावेत.

आमचं स्टेशन म्हणजे कॉलेजच्या तळघरातली एक खोली.
भिंतीपलीकडे बॉयलर. जानेवारीत तो खोकत सुटायचा
आणि सर थेट प्रक्षेपणात थांबायचे:
"आमच्या सहकाऱ्याचं होऊ द्या आधी."
बाहेर सुपीरियर सरोवर थिजलेलं,
रस्ते बंद, शाळा बंद,
तांब्याच्या खाणी तर कधीच्याच बंद.
दर गुरुवारी साडेसातला
तेवढा एक माणूस उघडा असायचा.

कार्यक्रमाचं नाव 'असं का?'
लोक पोस्टकार्डं पाठवायचे.
रात्री बर्फ का विव्हळतो?
माझ्या गाईला डावी बाजूच का आवडते?
सर उत्तर द्यायचे नाहीत,
ज्याला ठाऊक असेल त्याला हुडकून आणायचे.

एकदा आणला एक म्हातारा खाणकामगार, सिलास ट्रेगोनिंग.
प्रश्न होता: दरड कोसळणार हे कसं कळायचं?
म्हातारा गप्प.
मी दोन नंबरच्या कॅमेऱ्यामागे, वय एकोणीस,
हेडफोनमध्ये दिग्दर्शक किंचाळतोय, काहीतरी बोला, कोणीतरी बोला.
अकरा सेकंद.
टेलिव्हिजनवर अकरा सेकंद म्हणजे
लोकांनी उठून संच ठोकून बघावा, इतका वेळ.
सरांनी फक्त पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला.
मग तो म्हणाला, "आधी उंदीर जातात.
त्या दिवशी मी भावाला सांगितलं नाही."

मी घाबरून कॅमेरा वळवला, सरांच्या हातांवर.
दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी माझ्यावर आवाज चढवला,
पहिल्यांदा आणि शेवटचा:
"तो तुझ्याकडे बघत होता. तू मान फिरवलीस."
त्या सत्रात मला 'क' मिळाला.
अजून थोडा राग आहे. असू दे.

पैसे मागायच्या आठवड्यात सर अवघडून जायचे,
कान लाल, टाय तिरका.
पण हॅनकॉकच्या विधवेचे दोन डॉलर
असे वाचायचे, जणू तिनं पूल बांधून दिलाय.

चारशे तासांच्या टेपा होत्या.
नव्या टेपांना पैसे नव्हते तेव्हा त्याच पुसल्या,
त्यांवर शाळांचे बास्केटबॉलचे सामने भरले.
ट्रेगोनिंगची ती शांतता आता
कुठल्यातरी हरलेल्या सामन्याखाली आहे.

चर्चच्या तळघरात कॉफी, वेलदोड्याचा पाव.
जो तो सांगत होता, सर माझ्याकडेच बघून बोलायचे.
प्लंबर म्हणाला, शाळेतली स्वयंपाकीण म्हणाली,
कधीच न भेटलेले लोक म्हणाले.
मी पाव चावत राहिले.

कारण मला ठाऊक आहे ते कोणाकडे बघायचे.
माझ्या कॅमेऱ्याच्या लेन्सखाली
चिकटपट्टीनं लावलेला एक फोटो होता:
डोक्याला रुमाल, हातात दुधाची बादली, डोळे मिचकावलेले.
आई. चाळीस वर्षं या देशात राहून
इंग्रजी तिच्या दारातच उभी राहिली.
म्हणून सरांची वाक्यं तेवढी छोटी,
म्हणून 'कळलं का?' विचारून ते खरंच थांबायचे.

लेम्पीबाईंनी तो फोटो मला दिला. मागे चिकटपट्टीचा पिवळा डाग.
हे बाकीच्यांना सांगू की नको, ठरत नाही.

जमीन चार फूट गोठली आहे. कुदळ चालत नाही.
इकडे हिवाळ्यात गेलेल्यांना
मे महिन्यापर्यंत कबरस्तानातल्या दगडी खोलीत ठेवतात.
तोवर सर स्टँडबाय.
टाय बहुतेक तिरकाच,
आणि शेजारी जे कोणी असतील
त्यांना बोलू देत असतील आधी.