पुरे, मी ठेवतो

संध्याकाळी सहाला आलेख फुगतो.
यॉर्कटनमध्ये उणे चौतीस, दाराबाहेर कुणी पडत नाही,
अख्खं गाव एकाच केबलमधून घरी येतं:
हॉकीची मॅच, कॅल्गरीतल्या नातवाचा गालभर चेहरा,
आणि ते, ज्याचं आम्ही नाव घेत नाही,
फक्त रंग देतो. जांभळा.

जांभळा म्हणजे माणसांनी माणसांना परस्पर दिलेलं.
मध्ये दुकान नाही, गोदाम नाही.
याच्याकडे फाइलचा सतरावा तुकडा, तिच्याकडे दोनशे तिसावा,
ज्याच्यापाशी जे आहे ते तो देतो,
आणि घेता घेताही देत राहतो.
ऐकायला बरं वाटतं. तारेला सोसत नाही.
आमची केबल येताना रुंद आहे, जाताना अरुंद;
घरांनी घ्यावं, द्यायचंय काय त्यांना,
असं टाकणाऱ्यांनी धरून चाललं होतं.

नियम मी लिहिला. अकरा ओळींचा.
लेरॉय म्हणाला, कापू नकोस, कापलं की लोक ओरडतात.
तू नुसतं बोल.
म्हणून मी बोलते.
दोन यंत्रांचं चाललेलं असतं, मी मध्ये बसलेली;
याच्याकडे त्याच्या सहीची चिठ्ठी टाकते: पुरे, मी ठेवतो.
त्याच्याकडे याच्या सहीची, तीच.
दोघंही सभ्य. का म्हणून विचारत नाहीत.
दोघांनाही वाटतं, समोरच्यानंच हात आखडला.

सेकंदाला अशा चारशे चिठ्ठ्या.
माझं अक्षर कुणी पाहिलेलं नाही.

फोन घेणं माझं काम नव्हे. पण त्या रात्री
शर्लीनच्या गाडीची बॅटरी गोठली, हेडसेट माझ्या डोक्यावर.
ओरेस्ट पिडस्काल्नी बोलतोय, म्हणाला. म्हातारा आवाज.
त्याच्याकडे फोटो आहेत. रुळांकडेला असायची ती
लाकडी धान्यकोठारं, पाच मजली, अंगावर गावाचं नाव रंगवलेलं.
एकतीस वर्षं त्यांतल्याच एकात तो काट्यावर होता.
आधी कोठारं गेली की आधी गावं,
यावरून त्याचं भावाशी अजून पटत नाही.
दोन हजार सहाशे फोटो. फळीतली गाठ दिसेल एवढे मोठे.
"ऑस्ट्रेलियातला एक जण घेतोय. अकरा टक्क्यांवर आला
की सोडून जातो. रोज.
मी काही वावगं केलं का?"

समोर कागद होता, काय म्हणायचं ते लिहिलेला.
आमच्याकडून काहीही अडवलं जात नाही.
मोडेम बंद करून तीस सेकंद थांबा.
म्हटलं.
तो थांबला. खरोखर मोजले त्यानं तीस,
आपल्या आईच्या भाषेत, विसाच्या पुढे धापा टाकत.
चालू केलं. अकरा टक्के.

मग कागदावर नसलेलं एकच वाक्य माझ्या तोंडून गेलं:
रात्री दोननंतर करून बघा.
"दोननंतर काय होतं?"
लोक झोपतात, मी म्हटलं.
नियमही झोपतो, हे नाही म्हटलं.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
जन्मभर काटा वाचलेला माणूस.
"आमच्याकडेही होता एक," तो म्हणाला,
"सप्टेंबरात ट्रकांची रांग लागली की
कोपरानं दांडी दाबायचा. अगदी थोडी.
सगळ्यांची सारखीच, म्हणायचा."

आणि फोन ठेवला.
तो मात्र त्याचा त्यानंच ठेवला होता.

दोनला आलेख बसला, भांड्यातलं दूध बसावं तसा.
तळाशी एक जांभळी रेघ राहिली, केसाएवढी,
पहाटे साडेपाचपर्यंत.
ती त्याचीच, असं मला म्हणता येत नाही.
नियमाला नावं दिसत नाहीत.
तसाच तो लिहिलाय मी.