झुंबर मालवा

आधी झुंबर मालवा, मी म्हणतो.
तिची आई माझ्याकडे बघते, घरात मयत आणल्यासारखी:
लग्नघर आहे, गिवी, भर दुपारी अंधार कसला करतोस?
कसं सांगू, बाई, की बल्बचा पिवळा आणि खिडकीचा निळा
एका गालावर नांदत नाहीत.
एकाला घराबाहेर काढावंच लागतं.

रुस्तावी, आठवा मजला. पोलाद कारखान्याच्या वसाहतीतली खोली,
पाऊणएक पलंगानेच खाल्लेली.
पलंग सरकवला. खालून निघालं
अक्रोडांचं पोतं, एकच स्केट, कुणाच्या तरी छातीचा एक्स-रे.
भिंतीवरचा गालिचा तेवढा राहू दिला.
खिडकी उत्तरेची, एवढं एक नशीब.
समोरच्या इमारतीवर वाळत घातलेल्या चादरींवरून
उजेड परतून येतो, धुतलेला,
पिळून थोडा दमलेला.

शेजारचं पोर, बाचो, टेबलक्लॉथ ताणून धरतं.
हात भरून आलेत त्याचे;
थेकलाच्या हनुवटीखालची सावली
त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होते.

झगा भाड्याचा, सोमवारी परत द्यायचा.
पाठीमागे अकरा टाचण्या. दोदोमावशीने त्या दातांत धरून
एकेक लावल्या, आणि प्रत्येक टाचणीला
नवऱ्याकडच्या एकेका माणसाचं नाव घेतलं.
पाठ मी दाखवणार नाही.
या धंद्यात निम्मी अक्कल झाकण्यातच जाते.

खिडकीकडे बघ. नाही, इतकं नाही.
नाक गालाच्या रेषेबाहेर जायला नको.
खांदे सोड.
ती सोडते. मग ओठ फारसे न हलवता विचारते:
आजीच्या दगडावरचा चेहरा तुम्हीच केलात ना?

मीच केला होता.
इकडे थडग्याच्या काळ्या दगडावर माणूस हुबेहूब कोरतात,
आणि त्यासाठी फोटो साफ करून घ्यायला
घरचे माझ्याकडे येतात, डोळे सुजलेले.
आणतात तो बहुतेक लग्नातलाच.
बाईकडे दुसरा असतो कुठला,
ज्यात तिला कुणी काही काम सांगितलेलं नाही?
आजीच्या शेजारचे आजोबा मी कापले.
त्यांचा खांदा थोडा उरलाच, कितीही केलं तरी.
कोरणाऱ्याला वाटलं, झाड असेल.
त्याने त्याला पानं काढली.

थेकला हसते, टाचण्यांच्या बेताने.
उजवा हात उचलून गालावर ठेवते, पालथा,
इस्त्री तापली का बघावं तसा.
असा काढा, म्हणते.
उद्या कुणाला कापायचा झाला
तर आधी माझी बोटं मोजावी लागतील.

पोझ म्हणून वाईटच.
मनगटाने जबडा झाकला, करंगळीचा रंग उडालेला,
म्हणजे सकाळी हिने भांडी घासलीत, आजसुद्धा.
अंगठीच्या बोटात अजून काही नाही.
तीस वर्षं मी हा हात खाली घ्यायला सांगत आलो,
शेकडो पोरींना, गोड बोलून.
या वेळी तोंड उघडलं
आणि मिटलं.
उजेड कमी होता. शटर हळू ठेवलं,
दाराच्या चौकटीला पाठ टेकली, श्वास कोंडला.
बाचोनेही कोंडला असावा;
सावली हलली नाही.

खालून हॉर्न सुरू झाले. सात मोटारी, एकीचा सूर दुसरीला नाही.
आईने झुंबर लावलं: एक तरी उजेडात काढ, रे!
काढला. पिवळा आणि निळा एकाच गालावर,
नांदतायत का ते बघायला मी थांबलो नाही.
चौकटीत लागेल तो हाच, मला माहीत आहे.

घर रिकामं झालं. टेबलावर अर्धी खाचापुरी, तिच्यात टाचणी.
बाचो अजून टेबलक्लॉथ धरून उभा:
आता सोडू?
सोड, राजा.

इथली लिफ्ट नाणं घेतल्याशिवाय हलत नाही.
माझ्या खिशात बॅटऱ्या आणि लेन्सचं झाकण.
त्याच्या मुठीत एक नाणं होतं, दोदोमावशीने दिलेलं;
ते लिफ्टला द्यायला तो काही तयार होईना.
स्टँडचं एक टोक त्याने धरलं, एक मी,
आणि निघालो जिन्याने.