शाई, व्हिनेगर, लीक

मुळं आधी उकळायची,
पोटॅशच्या पाण्यात, नव्वद अंशांवर,
मातीचा रंग निघून
शेवयांसारखी पारदर्शक होईपर्यंत.
मग व्हिनेगर आणि थोडी शाई.
साधीच, फाउंटन पेनची, काळी.
अ‍ॅबरिस्टविथच्या टेकडीवरल्या या तळघरातून
मी ती दरवर्षी मागवते
आणि हिशेबखात्याची बाई दरवर्षी विचारते,
एवढी पत्रं लिहिता कुणाला?

काचेवर मुळाचा बोटभर तुकडा.
भिंगातली रेघ जिथं मुळाला छेदते
तिथं बुरशी दिसली तर एक, नाही तर शून्य.
अकरा वर्षं मी एवढंच म्हणते आहे.

पेशीची भिंत ओलांडून, पण आतला पडदा न फाडता,
बुरशी एक झुडूप काढते.
फांदीला फांदी, तिला फांदी,
शेवटी इतकी बारीक
की भिंग म्हणतं, पुढचं तू समजून घे.
तिथं सौदा होतो.
सौदा म्हणू नकोस, एलुनेड म्हणते,
तिला बाजाराचे शब्द खपत नाहीत.
मग काय म्हणू?
मुळाचा हात पोचत नाही त्या फटींतून
बुरशी फॉस्फरस वेचून आणते.
झाड तिला साखर देतं,
आणि तेलही, कारण तिला स्वतःचं तेल
करता येत नाही.
आठवडाभरात झाड ते झुडूप मोडून पचवतं.
शेजारच्या पेशीत तोवर दुसरं उगवलेलं असतं.

आमच्याकडे, मी तिला सांगितलं,
शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत.
काही नसलं घरात, तर चिमूटभर साखर घालून.
हं, एलुनेड म्हणाली.
आणि वाटी आणायला कुणी गेलंच नाही तर?

सप्टेंबरात इद्रिस प्रॉसर आला.
पेनपार्कायच्या उतारावर त्याचा वाफा,
त्याचे लीक मनगटाहून जाड,
जत्रेत तीनदा पहिले.
बिस्किटांच्या डब्यात मुळं घेऊन आला होता.
बघ, म्हणाला, माझ्यात आहे का ते तुमचं.
माझ्यात, असंच म्हणाला.

उकळली. शाईत घातली.
शून्य. शून्य. शून्य.
दोनशे छेद, एकही निळसर-काळं झुडूप नाही,
नुसत्या स्वच्छ, रिकाम्या खोल्या,
ओळीनं.

खत किती घालतोस?
त्यानं सांगितलं. मी पेन खाली ठेवलं.
इतकं आयतं मिळालं, तर झाड
दार उघडत नाही कुणाला.
म्हणजे त्याला कुणाची गरज नाही, तो म्हणाला,
खूश होऊन,
आणि मग बराच वेळ
टोपीच्या कडेचा दोरा ओढत बसला.

जाताना वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लीक
टेबलावर ठेवून गेला.
त्याची मी पीठ पेरून भाजी केली, तिखट,
तीन दिवस पुरली.
त्याचा डबा धुतला, पुसला,
रिकामा कसा देणार?
नऊ नंबरच्या कुंडीतली मूठभर माती घातली,
बारीक चिरलेली मुळं घातली तिच्यात.
हे काय? माती, मी म्हटलं.
माती माझ्याकडेही आहे, तो म्हणाला,
पण डबा घेतला.

बक्षिसाच्या ओळीत त्यानं ती घातली नसणार.
कुंपणाकडेच्या, कुणी न बघणाऱ्या ओळीत
घातली असेल, किंवा नसेलही.
मी विचारलं नाही.

काल डबा परत आला,
दारात ठेवलेला, चिठ्ठी नाही.
उचलून हलवून पाहिला.
हलका होता.
पण वाजला.