आमेनच्या जागी

ऑगस्टातल्या एका मंगळवारी
अंघोळीचा तांब्या यांच्या हातून सुटला
आणि त्याच्यासोबत सगळी नावं.
माझं, ओबेदचं, नातीचं,
भुसावळच्या शेडमधल्या इंजिनांचे नंबर,
जे झोपेतही पाठ असायचे.

उजवी बाजू गेली. दवाखान्यात सतरा दिवस.
डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, बाई,
कपाटाची किल्ली तेवढी हरवलीय.

मंडळीतली माणसं मोसंबी घेऊन आली.
कोणी म्हणालं,
देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो.
मी चहा टाकला.
त्यांच्या कपात साखर मुद्दाम विसरले.

अमळनेरकडची वनाबाई कुंपणावरून विचारायची,
"कसं शे आते?"
"बरं शे," मी म्हणायचे.
खोटं.

बत्तीस वर्षं संध्याकाळची प्रार्थना यांची.
आणि किती लांब!
भाजी करपायची, ओबेदचे पाय बधिर व्हायचे,
हे मात्र शेडमधल्या एकेका खलाशाला
नावानिशी देवाच्या पदरात घालत बसायचे.
मी एक डोळा उघडून घड्याळ बघायचे.
आता मी करते. चार वाक्यं.
पहिला महिनाभर तर एकच होतं:
बघतोयस ना?

उत्तर म्हणावं असं काही आलं नाही.
फक्त सून पहाटे उठायला लागली.
रिबेका यांची दाढी करायला शिकली.
"मामा, गाल फुगवा," म्हणते
आणि स्वतःच गाल फुगवून बसते,
हातात वस्तरा, नाकाला फेस.

फिजिओवाला मुलगा म्हणाला, चेंडू दाबायला द्या.
चेंडू यांनी पलंगाखाली टाकला. तीनदा.
मग मी कळण्याचं पीठ भिजवलं,
उजव्या मुठीत गोळा ठेवला.
तो नाही टाकला.
अन्न टाकणारा माणूसच नव्हे हा.
तेव्हापासून सकाळची एक भाकरी यांच्या हातची:
बोटांचे खड्डे, एक कड जाड, एक फाटलेली.
"आजोबांची मला," यायेल म्हणते.
"मला," ओबेद म्हणतो, चाळिशीचा बाप्या.
भांडण नको म्हणून मी पाच तुकडे करते.
तो घास खाताना घर गप्प होतं.
का, ते कोणी कोणाला सांगत नाही.

डिसेंबरात थंडी पडली.
ओबेदनं बामणोदची वांगी आणली, हिरवी, टपोरी.
अंगणात पऱ्हाट्यांचा जाळ केला,
बडगीत ठेचताना मिरचीचा ठसका
पार रस्त्यापर्यंत गेला.
ताटं वाढली. डोळे मिटले.
चार वाक्यं म्हटली,
येशूच्या नावानं मागते, म्हटलं, थांबले,
आणि चार महिन्यांत पहिल्यांदा
आमेनच्या जागी यांचा आवाज आला,
खणखणीत, भोंग्यावर चढणारा, शेडमधला:
"भरीत!"

कोणी हललं नाही.
मग यायेलच्या नाकातून हसू फुटलं,
रिबेकानं पदर तोंडात कोंबला, उपयोग झाला नाही,
ओबेद हसता हसता रडायला लागला
की उलट, माहीत नाही.
आणि हे.
अर्धा चेहरा हसत होता,
दुसऱ्या अर्ध्याला हाताला धरून ओढत होता.

आता आमच्या घरी आमेन असंच म्हणतात.
रविवारी पाळकसाहेब आले, मनापासून प्रार्थना केली,
शेवटी आम्ही पाचही जण सवयीनं बोललो.
त्यांनी डोळे उघडले.
बराच वेळ आमच्याकडे बघितलं.
मग म्हणाले, "उरलंय का थोडं?"

वनाबाईला मी अजूनही तेच सांगते.
हल्ली खोटं वाटत नाही.

माझं नाव मात्र अजून आलेलं नाही.
कधी चिमटा म्हणतात, कधी जंक्शन.
काल रात्री पांघरूण घालताना म्हणाले, "पाणी."
मी तांब्या आणला.
मान हलवली.
डावं बोट माझ्या छातीकडे रोखलं,
पुन्हा, हळू, "पाणी."

तांब्या खाली ठेवला.
म्हटलं, "ओ."