कुत्र्याची पानं

ओटिलीच्या ग्रंथात एक कुत्रा आहे,
देवदूताबरोबर निघालेल्या पोरामागे
शेपूट हलवत जाणारा.
गॉटलीबच्या ग्रंथात तो नाही.
ती पानंच नाहीत.

लग्नाला एकतीस वर्षं.
ऱ्हाइनकाठच्या त्या गावात चर्चही एकच;
आठला तिचा पाद्री, दहाला त्याचा,
मधल्या वेळात धूप निवळायला
खिडक्या उघड्या.

"काय ठेवायचं, हे रोमनं का ठरवावं?"
"मग काय गाळायचं, ते कुणी ठरवलं?"
सूप निवून जाई.

यंदा तिची नजर गेली.
रात्री तोच तिचा जाडजूड ग्रंथ उघडतो,
"हे शास्त्र नव्हे हं," बजावतो,
आणि वाचतो.
कुत्रा आला की जरा हळू.

माशाच्या पित्तानं आंधळ्याला दिसू लागतं,
ती ओळ
काल त्यानं दोनदा वाचली.