लोकरीची दोरी

ओराझगुलनं अंथरुणांभोवती दोरी टाकली,
मेंढीच्या लोकरीची, जाड, खरखरीत.
"मेंढ्या काराकुर्त खातात. वास आला
की कोळी आल्या पावली परततो.
विंचूसुद्धा."
मग बूट उलटे करून झटकले,
स्वतःचे, माझेही.

काराकुमच्या वाळूत ट्रक बंद पडून
ही तिसरी रात्र.

माझ्याकडे जांभळी बॅटरी होती,
नोटा तपासायची.
सहज चाळा म्हणून लावली.

वाळूत हिरवे ठिपके पेटले:
एक साक्सौलच्या बुंध्याशी,
दोन चुलीच्या राखेकडेला,
आणि एक, नांगी मुडपून,
दोरीच्या आत,
तिच्या उशीपासून वीतभर.

माझा श्वास छातीतच अडकला.
ती गुडघ्यांवर हात टेकून
बघत राहिली कितीतरी वेळ.
"हिरवा असतो होय," म्हणाली,
"चाळीस वर्षं मी पिवळाच समजत होते."

राखेच्या फावड्यावर घेऊन
त्याला दूर सोडून आली,
दोरीची टोकं पुन्हा नीट जुळवली
आणि आडवी झाली.

मी ट्रकच्या टपावर,
बॅटरी लावत, विझवत.
खाली ती घोरत होती.
उजाडल्यावर बूट झटकले,
दोनदा.