पान दोन, ओळ सात

आमच्या वार्तापत्रात पूर्वी सगळं 'शुभहस्ते' व्हायचं.
उद्घाटन शुभहस्ते, प्रकाशन शुभहस्ते,
एकदा तर नव्या झेरॉक्स मशीनचं पूजनसुद्धा.
एप्रिलात हा शब्द मी सोडून दिला.
हात कुणाचेच शुभ राहिले नव्हते,
वीस सेकंद धुतले तरी.

बोपोडीतलं स्वयंपाकघर, ओटा,
गव्हाच्या डब्याला टेकवलेला लॅपटॉप:
हे माझं कार्यालय.
खडकीकडून रुग्णवाहिका गेली
की मी शिट्ट्या मोजायला लागायचे.

बातमी नव्हतीच. म्हणून फोन लावत सुटले.
जिवाजी माळी म्हणाला, ताम्हण फुललंय बाई,
पण फोटो धड येत नाही, मोबाइलच्या काचेला तडा आहे.
छापलं: ताम्हण फुलले. तडा छायाचित्रात आहे, झाडाला नाही.
ग्रंथालयाच्या फिलोमिना डिमेलो म्हणाल्या,
चार हजार दोनशे अकरा पुस्तकं लोकांच्या घरी अडकलीत,
दंड माफ.
छापलं. त्यावर तिघींनी कळवलं,
माफी नको, तारीख द्या.

वसतिगृहात एकटा उरलेला सुखरू मडावी,
एटापल्लीचा, एम. ए. दुसरं वर्ष.
चहाच्या किटलीत खिचडी करायचा
आणि कँटीनच्या तीन कुत्र्यांना वाटा काढायचा.
कुत्र्यांची नावं विचारली.
पेपर एक, पेपर दोन, एटीकेटी.

आणि दर सोमवारी सव्वाअकराला खांबेटे सर.
संख्याशास्त्र, निवृत्त होऊन एकवीस वर्षं, एरंडवणं.
नमस्कार नाही, कशा आहात नाही.
"पान दोन, ओळ सात. विद्यापिठात?
अहो, मीठ घालता ते पिठात. तिथे पहिली.
विद्यापीठात दुसरी."
मी तेव्हा खरोखरच कणीक मळत होते,
फोन खांद्यात धरून.

पुढे चुका मी ठेवू लागले.
आठवड्याला एकच,
शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवावी तशी.
त्यांना कळलं असावं. एकदा म्हणाले,
"आजची फारच सोपी होती."

ऑगस्टात निधनांना पान पुरेना.
अक्षर नऊवर आणलं, मग आठवर.
मग 'दुःखद' काढलं,
जागा वाचते म्हणून,
आणि ते वेगळं सांगायचं काही राहिलं नव्हतं म्हणून.

एका सोमवारी सव्वाअकरा वाजले.
बारा वाजले. पोळ्या झाल्या.
बुधवारी त्यांच्या सुनेचा मेसेज, नुसता आकडा: ब्याऐंशी.
आधी मला वाटलं, वय.
वयही तेवढंच होतं.

त्यांची बातमी मी चार वेळा तपासली.
मोठ्यानं वाचली. मग उलटी,
शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे.
एक वेलांटी इकडची तिकडे नाही.
पाठवली आणि भांडी घासायला घेतली.

सोमवार, अकरा वीस. अनोळखी नंबर, वारा, तुटणारा आवाज.
सुखरू.
जूनमध्येच बसनं गावी पोचला होता तो.
रेंजसाठी गावाबाहेरच्या मोहापर्यंत चालत यावं लागतं म्हणाला.
एटीकेटी कशी आहे विचारलं त्यानं.
जिवाजीकडे आहे, जाड झालीये, सांगितलं.
मग थोडा वेळ नुसता वाराच.

"मॅडम, अंक वाचला. दोनदा वाचला.
या खेपेला चूक सापडली नाही.
बऱ्या आहात ना?"

कणीक बोटांवर वाळत चालली होती.
म्हटलं, थांब रे, नीट ऐकू येत नाहीये.

येत होतं.